पवनचक्कीच्या उत्पन्नात गावाचा वाटा
(सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातील गावांच्या नवी मुंबईस्थित ग्रामविकास मंडळांसमोर कोपरखैरणे येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळांचे पदाधिकारी, माता-भगिनी आणि कार्यकर्ते मित्रहो,

आज जी मागणी आपल्यासमोर मांडायची आहे ती आधीच सांगून टाकतो. डोंगरावरच्या पवनचक्क्यांमुळे भोवतालच्या वस्त्यांना जो पैसा मिळेल, तो कंपनीला त्या वर्षी नफा झाला की नाही यावर ठरू नये. तो चक्कीच्या क्षमतेवर किंवा तिने तयार केलेल्या विजेवर मोजला जावा, आणि त्याचा खर्च कशावर करायचा हे त्या वस्त्यांत राहणाऱ्या माणसांनी ठरवावे.

वांकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या, त्याला आता पाव शतक उलटून गेले. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या वर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच असलेल्या त्या सड्यांवर वारा भरपूर आहे, आणि पवनऊर्जेत महाराष्ट्राची जी पाच हजार मेगावॅटहून अधिक क्षमता आज मोजली जाते तिची सुरुवातीची पायाभरणी ज्या मोजक्या ठिकाणी झाली त्यांत आपला तालुका आहे. त्याच पठाराखालच्या वाड्यांतून दोन-तीन पिढ्या वाशीच्या बाजारात, तुर्भ्यात, घणसोलीत पोटापाण्यासाठी आल्या. म्हणून हा विषय नवी मुंबईत मांडण्यात काही वावगे नाही. गावच्या बैठकीला जितकी माणसे जमतात तितकीच इथेही जमतात, आणि गावच्या कामाची वर्गणीही बहुतेक वेळा इथूनच जाते.

मी जे म्हणतो आहे ते या सभागृहात बसलेल्यांना नवे नाही, कारण आपण ते तत्त्व आयुष्यभर जगलो आहोत. १९६९ च्या माथाडी कायद्याने काय केले ते आठवा. पाटण तालुक्यातल्याच मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी ज्यांना संघटित केले त्या कामगारांच्या मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही मालकाने माथाडी मंडळाकडे भरायची, आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, बोनस द्यायचा, अशी ती व्यवस्था आहे. कांद्याचा भाव पडला, व्यापाऱ्याला खोट आली, म्हणून लेव्ही माफ होत नाही. गोणी पाठीवर घेतली गेली, काम झाले, म्हणजे लेव्ही लागली. पवनचक्कीच्या बाबतीत नेमके हेच व्हायला हवे, आणि आपल्याकडे नेमके हेच होत नाही.

आपल्याकडे आज जे मिळते ते प्रामुख्याने सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या, मार्गाने. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांपर्यंत पोहोचतो, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते, आणि ती करताना आपण जिथे काम करतो त्या स्थानिक परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायद्यात लिहिलेले आहे. वाचताना हे समाधानकारक वाटते. पण पवनऊर्जेच्या धंद्याची रचना पाहिली की यातली गळती दिसते. प्रकल्प पुष्कळदा त्या एका कामापुरत्या काढलेल्या स्वतंत्र कंपनीच्या नावावर असतो. तिच्यावर कर्ज असते, यंत्राचा घसारा, म्हणजे दर वर्षी हिशेबात खर्च म्हणून धरलेली झीज, मोठा असतो, आणि पहिली काही वर्षे कागदावर नफा दिसत नाही. जुन्या चक्क्यांची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. एकेकाळी पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा घेता येत असे, त्यामुळे ज्यांचा विजेशी एरवी काही संबंध नव्हता अशा अनेक उद्योगांनी करबचतीसाठी चक्क्या विकत घेतल्या. परिणाम असा की एकाच सड्यावर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या चक्क्यांचे मालक वेगवेगळे, त्यांची कार्यालये वेगवेगळ्या शहरांत, आणि त्यांच्यापैकी कोणाला ‘स्थानिक परिसर’ म्हणून आपली वाडी आठवावी, याचे उत्तर कायद्याच्या शब्दांतून मिळत नाही.

इतर देशांत हा हिशेब कसा होतो ते थोडे तपशिलात सांगतो, कारण तिथे आकडे स्पष्ट आहेत. स्कॉटलंडच्या सरकारने जमिनीवरच्या पवनप्रकल्पांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत दर मेगावॅटमागे दर वर्षी ५,००० पौंड स्थानिक समाजाला द्यावेत, आणि महागाईप्रमाणे ती रक्कम वाढत जावी, असे सुचवले आहे. ही सक्ती नाही, तरी ते तिथे प्रमाण मानले गेले आहे. म्हणजे ५० मेगावॅटचा प्रकल्प असेल तर वर्षाला अडीच लाख पौंड, आणि तेही प्रकल्प चालू आहे तोवर. या पैशातून परिसरातल्या छोट्या ना-नफा संस्थांना अनुदाने दिली जातात: गावाच्या सभागृहाचे छप्पर, वृद्धांना दवाखान्यात नेणारे वाहन, मुलांचे खेळ, घरात ऊब टिकावी म्हणून केलेली दुरुस्ती. एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्रकल्पाला परवानगी द्यायची की नाही हे ठरवताना हा निधी तिथे विचारात घेतला जात नाही. निधी हा संमतीचा मोबदला नाही, हे त्यांनी वेगळे ठेवले आहे.

आयर्लंडने याहून पुढचे पाऊल टाकले. तिथल्या सरकारी पाठबळाच्या योजनेत ज्या प्रकल्पाला वीजदराची हमी मिळते, त्याने दर मेगावॅट-तासामागे, म्हणजे हजार युनिटमागे, २ युरो समाजनिधीत भरणे बंधनकारक आहे. आपल्या भाषेत ते युनिटमागे साधारण अठरा-वीस पैसे होतात. चक्कीपासून १ किलोमीटरच्या आत असलेल्या घरांना वर्षाला किमान १,००० युरो थेट द्यायचे, आणि निधीचा ठरावीक भाग ना-नफा सामुदायिक संस्थांसाठी राखायचा, अशी वाटणीही नियमातच आहे.

हे परदेशातले झाले, इथे कसे जमेल, अशी शंका कोणी घेईल. पण आपल्या देशातही हे तत्त्व मान्य झालेले आहे. २०१५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. तिथे खाणमालक स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) १० किंवा ३० टक्के इतकी रक्कम बाधित भागासाठी वेगळी भरतो. २००८ च्या जलविद्युत धोरणात स्थानिक क्षेत्र विकास निधीसाठी १ टक्का मोफत वीज बाजूला काढण्याची तरतूद आहे. दोन्ही ठिकाणी मोजमाप खनिजाचे आणि विजेचे आहे, नफ्याचे नाही. पाण्याला आणि दगडाला जो न्याय लावला तो वाऱ्याला का लावू नये, एवढाच आपला प्रश्न आहे.

आता आपल्यापुरता एक ढोबळ हिशेब करून पाहू. १ मेगावॅटची चक्की वर्षभराच्या सरासरीने क्षमतेच्या २० टक्के चालली असे धरले, तर ती साडेसतरा लाख युनिट वीज देते. युनिटमागे पाच पैसे धरले तरी मेगावॅटमागे वर्षाला सत्याऐंशी हजार रुपये होतात, आणि ५० मेगावॅटच्या समूहाचे त्रेचाळीस लाखांच्या वर. मी मुद्दाम आयर्लंडच्या एक चतुर्थांश दर धरला आहे. एवढ्या पैशात दर वर्षी काही झऱ्यांची बंदिस्ती, एका वाडीची नळजोडणी, एखाद्या परिचारिकेचे मानधन, शाळेसाठी एक शिक्षक हे सहज बसते. आणि मुख्य म्हणजे पुढच्या वर्षी पैसे येणार आहेत हे माहीत असल्याने काम टप्प्याटप्प्याने आखता येते. सीएसआरचा धनादेश एकदा येतो, फलक लागतो, आणि दुसऱ्या वर्षी कंपनीचे प्राधान्य बदललेले असते.

हे सगळे आत्ताच बोलायचे कारण असे की जुन्या चक्क्यांचे आयुष्य संपत आले आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये जुन्या पवनप्रकल्पांचे नूतनीकरण आणि आयुष्यवाढ यासाठी धोरण जाहीर केले. लहान चक्क्या काढून त्याच सड्यावर मोजक्या, पण कितीतरी मोठ्या चक्क्या उभारायच्या, असा त्याचा रोख आहे. त्यासाठी नवे रस्ते लागतील, लांबलचक पाती घाटाच्या वळणांवरून न्यावी लागतील, काही जमिनींचे करार नव्याने होतील. पहिल्या वेळी आपल्या आजोबा-वडिलांनी सड्याची जमीन निरुपयोगी समजून मिळेल त्या भावात दिली. त्यांना दोष देता येत नाही. वाऱ्यालाही किंमत असते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. या वेळी मात्र ग्रामसभेचा ठराव, लेखी करार आणि त्यात दर वर्षीच्या निधीचे कलम असल्याशिवाय पुढे जाऊ नये. हा निधी जमिनीच्या मोबदल्यात किंवा ग्रामपंचायतीच्या करात मिळवून टाकता येणार नाही, असेही त्या कलमात स्वच्छ लिहिलेले असावे.

निधी मिळाला तरी तो घेण्यास पात्र संस्था हवी, आणि इथे मला तुमच्याशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. सीएसआरचे पैसे घेणाऱ्या न्यासाला धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकर सवलतीची १२ए आणि ८०जी प्रमाणपत्रे, कंपनी खात्याकडचा सीएसआर-१ क्रमांक आणि किमान तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. आपली बहुतेक मंडळे जुनी आहेत, विश्वासाची आहेत, वर्गणीचा पै-पैचा हिशेब वहीत आहे. पण परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीचा, उतारा काढला की त्यावरचे काही विश्वस्त हयात नसतात, काही कायमचे गावी गेलेले असतात, आणि निवडणूक होऊन नव्वद दिवसांत जो बदल अर्ज दाखल व्हायला हवा तो वर्षानुवर्षे झालेलाच नसतो. मग नव्या अध्यक्षांची सही बँकेत चालत नाही, लेखापरीक्षण अहवाल अडतो, आणि अर्जाची मुदत निघून जाते. दरम्यान मुंबई-पुण्यातली एखादी मोठी संस्था, जिच्याकडे अर्ज लिहायला पगारी माणसे आहेत, आपल्याच वाडीच्या नावावर निधी घेऊन येते. तिच्या कामाला मी नावे ठेवत नाही. पण निर्णय मग तिच्या कार्यालयात होतात.

म्हणून नवी मुंबईच्या मंडळांनी कागदाचे ओझे उचलावे. इथे हिशेबनीस आहेत, वकिलीची सनद घेतलेली मुले-मुली आहेत, बँकेत नोकरी करणाऱ्या सुना आहेत. निर्णयाचा अधिकार मात्र गावातच राहू द्यावा. निधी समितीत इथल्या मंडळाचे बहुमत असू नये, हे मी आग्रहाने सांगतो. मे महिन्यात आणि गणपतीत गावी जाणाऱ्याला कमान आणि सभामंडप दिसतो; मार्चपासून हंडा घेऊन उतरणाऱ्या बाईला झरा दिसतो. कमान आणि जीर्णोद्धार आपण वर्गणीतून करत आलो आहोत, तसेच पुढेही करू. समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि सड्यावरच्या धनगरवाड्यांना स्वतःची जागा असावी, कारण पात्यांचा आवाज आणि फिरती सावली ज्यांच्या अंगणात पोहोचते ती वस्ती बहुतेक वेळा ग्रामपंचायतीच्या गावापासून लांब असते. आयर्लंडने अंतर मोजले, सीमा मोजली नाही. आपणही तसेच करावे.

पहिले काम अगदी साधे आहे आणि ते पुढच्या सुट्टीतच सुरू करता येईल. प्रत्येक चक्कीच्या बुंध्यावर तिचा क्रमांक रंगवलेला असतो. तो लिहून घ्यायचा, ती कोणत्या गटात उभी आहे ते सातबाऱ्यावरून पाहायचे, इतर हक्कांत कोणाचे नाव आहे ते टिपायचे, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठवरून कर कोणाच्या नावे आकारला जातो ते ताडून घ्यायचे. क्षमता आणि उभारणीचे वर्ष त्याच ओळीत लिहायचे. अशी यादी गावागावाने केली की कोणाशी बोलायचे आहे, किती मेगावॅटबद्दल बोलायचे आहे आणि कोणत्या चक्कीची मुदत आधी संपते आहे हे आपल्या हातात येईल, आणि ग्रामसभेचा ठराव त्या यादीला जोडूनच पाठवता येईल.