त्रुहियोच्या भिंतीतली भोकं

नमस्कार मंडळी, आज जरा लांब जायचंय, थेट स्पेनला. पण बार्सिलोना, फुटबॉल, ती टोमॅटोची मारामारी वगैरे काही नाही हं, आपण पक्षी बघायला जाणार आहोत त्रुहियोला. माद्रिदहून साधारण 250 किलोमीटर, नैऋत्येला, एक्स्त्रेमादुरा म्हणून भाग आहे तिथलं हे छोटंसं गाव. टेकडीवर अरबांच्या काळातला किल्ला, खाली मोठा दगडी चौक, प्लासा मायोर म्हणतात त्याला. रेल्वे नाही, बसनेच जायचं.

बहुतेक टुरिस्ट काय करतात, चौकात उतरतात, पिझारोचा घोड्यावरचा ब्राँझचा पुतळा आहे त्याच्यापुढे फोटो काढतात, कॉफी पितात आणि पुढच्या गावाला. पिझारो म्हणजे पेरूतलं इन्का साम्राज्य ज्याने बुडवलं तोच, तो इथला. चौकातले ते सगळे भारी भारी वाडे बघताना पैसा कुठून आला हे डोक्यात राहतंच. एका वाड्याचा बाल्कनीचा कोपरा बघा, भिंतीच्या मधे नाही तर बरोब्बर दोन भिंती मिळतात तिथे बाल्कनी काढलीय, बाजूला पिझारो आणि त्याची इन्का राजघराण्यातली जोडीदारीण यांचे दगडातले चेहरे. त्यांच्या मुलीचं पुढे लग्न झालं पिझारोच्या सावत्र भावाशी, म्हणजे सख्ख्या नात्यातल्या काकाशीच म्हणा ना, आणि हा वाडा त्या दोघांचा. इस्टेट घरातच राहिली!

पण मंडळी, माझं म्हणणं असं की या गावात वर बघा, आणि वर म्हणजे पुतळ्यापेक्षा वर. धुराडी, कौलं, मनोऱ्यांची टोकं, आणि भिंतीतली भोकं. जुनी भिंत बांधताना परांचीचे वासे खोचायला भोकं ठेवायचे ना, आपल्याकडच्या जुन्या बांधकामांतही दिसतात, ती तिथे कितीतरी ठिकाणी उघडीच राहिलीत. आणि प्रत्येक भोकात कुणीतरी भाडेकरू आहे. काही भोकांत जॅकडॉ, म्हणजे राखाडी मानेचा बुटका कावळा, काहींत पारवे, काहींत साळुंकीच्या नात्यातला तो काळाकुळकुळीत स्टार्लिंग, जो टीव्हीच्या अँटेनावर बसून बाकी सगळ्यांच्या नकला करतो.

मनोऱ्यांवर करकोचे. पांढरे करकोचे, काळे पंख, लाल चोच, आणि घरटं म्हणजे काटक्यांचा एवढा ढीग की दरवर्षी त्यात भर घालत घालत काही घरटी शेकडो किलोंची होतात. करकोच्याला धड आवाज नसतो, मग नवराबायको भेटले की मान मागे टाकून चोची वाजवतात, चौकात उभं राहिलं की वाटतं वर कुणीतरी टिपऱ्या खेळतंय. आणि गंमत म्हणजे त्या ढिगाच्या खालच्या मजल्यावर चिमण्या राहतात, आयत्या काटक्यांत त्यांचं घर. स्पॅनिश लोकांत जुनी म्हण आहे, सान ब्लास या संताच्या दिवशी करकोचा दिसणार, म्हणजे 3 फेब्रुवारीला, आफ्रिकेतून परत आलेला. आता मात्र बरेच करकोचे जातच नाहीत, हिवाळाभर तिथेच, कचऱ्याचे डेपो आहेत, भातशेतीत क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे प्राणी आहेत, कशाला मरायला सहारा ओलांडायचा.

बरं, आता त्रुहियोचा खरा हिरो. गावात बैलांच्या झुंजीचं गोल मैदान आहे, आणि त्याच्या छपराच्या कौलांखाली लेसर केस्ट्रेलची वसाहत. छोटा ससाणा, तिथे त्याला प्रिमिया म्हणतात. हिवाळ्यात आपल्या माळरानांवर हवेत एका जागी फडफडत थांबणारा केस्ट्रेल बघितला असेल तुम्ही, त्याचा हा नातेवाईक, पण नराच्या पाठीवर ठिपके नाहीत, साफ विटकरी, डोकं निळसर राखाडी, आणि अगदी जवळून दिसलं तर नखं पांढरट. बाकी बहुतेक ससाणे एकएकटे राहतात, हे वसाहत करून. दिवसभर बाहेरच्या माळावर नाकतोडे मारायचे आणि कौलाखाली पिल्लांना आणून द्यायचे. युरोपात यांची संख्या फार घसरली होती, कारण शेती बदलली, औषधफवारणी आली, नाकतोडे संपले, आणि जुन्या इमारती दुरुस्त करताना लोकांनी भोकं बुजवून टाकली. म्हणून त्रुहियोतल्या या वसाहतीला युरोपच्या कायद्याखाली पक्ष्यांसाठीचं संरक्षित क्षेत्र केलंय. जंगल नाही, अभयारण्य नाही, गावातलं छप्पर! मला हे फारच आवडलं.

दुरुस्ती वाईट असं नाही म्हणत मी, पावसाचं पाणी घरात यावं असं कुणाला वाटेल. पण आपल्याकडे वाडा रिस्टोर केला की आधी सिमेंटने सगळं गुळगुळीत करतात आणि नंतर विचारतात पाकोळ्या, म्हणजे स्विफ्ट पक्षी, कुठे गेल्या. तिकडे कौलं बदलतानाच घरट्यासाठी फटी ठेवायची किंवा पेट्या बसवायची पद्धत आहे.

पाकोळ्यांवरून आठवलं, दुपारी दोन ते पाच दुकानं बंद, खिडक्यांचे गुंडाळायचे पडदे खाली, रस्त्यात चिटपाखरू नाही असं म्हणणार होते पण चिटपाखरंच तेवढी असतात. आणि ऊन कललं की पाकोळ्यांचे थवे किंचाळत छपरांना घासून जातात. पाकोळी घरटं सोडून कुठे टेकत नाही, काही तर दहा दहा महिने हवेतच असतात, हे स्वीडनच्या संशोधकांनी पाठीवर छोटी यंत्रं बसवून दाखवलंय.

जायचं असेल तर एप्रिल-मे गाठा, त्यानंतर ऊन सोसवत नाही. दुर्बीण 8 बाय 42, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटरच्या भिंगाची, पुरते. एक सकाळ गावाबाहेर बेलेनच्या माळासाठी ठेवा, तिथे ग्रेट बस्टर्ड दिसू शकतो, आपल्या नान्नजच्या माळढोकाचा भाऊबंद, आणि स्पेनमध्ये तो अजून बऱ्यापैकी आहे. दीड-दोनच्या आधी जेवायला जाऊ नका, स्वयंपाकघर उघडलेलंच नसतं. आणि शाकाहारी मंडळी, तोर्ता देल कासार नावाचं मेंढीच्या दुधाचं चीज मागा, ते विरजायला रानफुलाचे केसर वापरतात, जनावराचं काही नाही. वरचं झाकण कापायचं आणि पावाने निपटून खायचं.