ब्लॉक फेसिंगला टाकण्याआधी

[दृश्य : हेड उतरवलेलं डिझेल इंजिन. दोन बोअरच्या (पिस्टनच्या भोकांच्या) मधली काळवंडलेली पट्टी.]

इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक, त्यावरचं झाकण म्हणजे हेड, आणि दोघांमधलं सील म्हणजे हेड गॅस्केट. ते उडालं की हेड लगेच फेसिंगला, म्हणजे मशीनवर पृष्ठभाग सपाट करायला जातं. ब्लॉकवर मात्र पॉलिश पेपर फिरवतात, नवं गॅस्केट टाकतात आणि मोकळे होतात. थोड्याच दिवसांत रेडिएटरमध्ये पुन्हा बुडबुडे येतात, आणि दोष गॅस्केटच्या कंपनीला!

आधी माप घ्या. चिकटलेलं गॅस्केट बोथट पात्याने खरवडा. ग्राइंडरची चकती लावू नका. ती खळगे पाडते, शिवाय तिची पूड ऑइलच्या वाटेने बेअरिंगपर्यंत पोचते.

[दृश्य : स्ट्रेट एज कर्णावर. खाली सरकणारं फीलरचं पान.]

स्ट्रेट एज (अचूक सरळ कडेची पट्टी) लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर ठेवा. खालून फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पानं) घालून बघा. मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. बहुतेक कारच्या इंजिनांना ती 0.05 ते 0.10 मिमीच्या दरम्यान. बोअरच्या मधल्या त्या काळ्या पट्टीत मर्यादेपेक्षा जाड पान शिरलं, तर ब्लॉक तिथे खचलाय. पान शिरत नसेल, तर फेसिंग करूच नका.

[दृश्य : मशीन शॉप. टेबलावर चढवलेला ब्लॉक.]

कारागिराला पहिला प्रश्न : ब्लॉक कशावर टेकवून लेव्हल करणार? खालच्या ऑइल चेंबरच्या बाजूवर टेकवला, तर वरचा फेस (पृष्ठभाग) क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याला, समांतर येईलच असं नाही. माप क्रँक बसतो त्या मेन बेअरिंगच्या बोअरपासून धरायला हवं. बोअरिंगही (पिस्टनची भोकं कापून मोठी करणं) करायचं असेल, तर फेसिंग आधी. बोअरिंगचं मशीन बऱ्याच ठिकाणी याच फेसवर बसवतात. फेस तिरका तर बोअरही तिरका.

दुसरं, आकडा कागदावर लिहून द्या, एककासकट. कारागीर थावमध्ये (इंचाच्या हजाराव्या भागात) बोलतो, मॅन्युअल मिलिमीटरमध्ये. ‘दहा काढा’ म्हणालात आणि तुमच्या मनात 0.10 मिमी असेल, तर त्याचे दहा थाव म्हणजे 0.25 मिमी. एकदा काढलेलं बीड परत चढत नाही. फेस साफ होईल इतकंच काढायचं.

डिझेलमध्ये हे जास्त नडतं. पिस्टन फेसच्या वर किती येतो, त्यावर गॅस्केटची जाडी ठरते. जाडीची खूण गॅस्केटच्या कडेला खाचांनी किंवा भोकांनी दिलेली असते. ब्लॉक 0.10 मिमी उतरला की पिस्टन तितकाच वर येतो. सगळ्यात जाड गॅस्केटलाही ते माप बसेना, तर व्हॉल्व्ह पिस्टनला आपटायची भीती. पिस्टनचं डोकं लेथवर छाटून देतो, असं काही शॉपवाले सुचवतात. नको म्हणा.

ट्रॅक्टर-ट्रकच्या वेट लायनरच्या (पिस्टनभोवतीची काढता येणारी, बाहेरून पाण्यात असलेली नळी) इंजिनात लायनर काढूनच फेसिंग होतं. त्याची कॉलर जिथे बसते ती खाचही तितकीच खोल करावी लागते, नाहीतर लायनर जास्त वर राहतो आणि गॅस्केट फक्त कॉलरवरच दाबलं जातं.

[दृश्य : बोल्टच्या भोकात हवेचा झोत.]

ब्लॉक परत आला की स्ट्रेट एज पुन्हा लावा. स्टीलच्या थरांचं गॅस्केट असेल, तर नखाला ओरखडे लागता कामा नयेत. ऑइलच्या वाटा ब्रश आणि साबणाच्या पाण्याने धुवा, हवा मारा, लगेच ऑइल लावा. उघडं बीड बघता बघता गंजतं. बोल्टच्या भोकांत आट्यांचा टॅप हलक्या हाताने फिरवा आणि तळाशी बंद असलेली भोकं कोरडी करा. आत ऑइल किंवा पाणी राहिलं, तर बोल्ट आवळताना त्याला जायला जागा नसते. टॉर्क पाना वेळेआधीच ‘झालं’ म्हणतो, हेड नीट दाबलं जात नाही, आणि कधी कधी भोकाच्या बाजूने ब्लॉकच तडकतो.