मोठी आई, यू एट!

नमस्कार मंडळी, जळगाव, धुळे, नंदुरबार, शेतात असाल, ओट्यावर असाल, जिथे कुठे ऐकत असाल तिथे सगळ्यांना नमस्कार. आज आपण बोलणार आहोत घरातल्या तेरा-चौदा ते अठरा-एकोणीसच्या पोरापोरींच्या भाषेवर. म्हणजे ते मोबाईलमध्ये बघत बघत ब्रो, सस, नो कॅप, कुक्ड असं काहीतरी बोलतात ना, ते.

आधी पटकन अर्थ सांगून टाकते. कॅप म्हणजे थाप, नो कॅप म्हणजे खरंच सांगतोय. सस म्हणजे संशयास्पद, 2020 मध्ये लॉकडाऊनमध्ये पोरं अमंग अस नावाचा गेम खेळायची तेव्हा हा शब्द घराघरात घुसला. रिझ म्हणजे समोरच्याला भुरळ पाडायची कला, करिश्मा या इंग्रजी शब्दाचा मधला तुकडा आहे तो, आणि 2023 साली ऑक्सफर्डवाल्यांनी त्याला वर्षाचा शब्द ठरवलं. कुक्ड म्हणजे आपलं काही खरं नाही, मेलो आता. आणि सिक्स-सेव्हन, सहा-सात, याला ठरलेला असा अर्थच नाही, पोरं नुसतं ओरडतात आणि हसतात, म्हणून अर्थ शोधत बसू नका. यातले बरेच शब्द अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांच्या बोलीतून आलेत, तिथून गाण्यांत, गाण्यांतून रील्समध्ये, आणि रील्समधून थेट यावल-रावेरच्या केळीच्या बागेत.

केळीच्या बागेत म्हटलं कारण मला जे सांगायचंय ते तिथलंच आहे.

जानेवारीत आमच्या शेतात भरीत पार्टी होती. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, बस. आणि हे मी रेडिओवरून मुद्दाम सांगते, भरितात टोमॅटो नाही म्हणजे नाही, आणि गॅसवर भाजलेलं वांगं ते वांग्याची भाजी होईल, भरीत होणार नाही. तर सगळे केळीच्या पानावर भरीत-पुरी घेऊन बसलेले. माझ्या धाकट्या भावाची मुलगी पुण्याहून आलेली, सोळा वर्षांची. तिने पहिला घास घेतला, डोळे मोठे केले आणि माझ्या मोठ्या वहिनीकडे बघून एकदम ओरडली, "मोठी आई, यू एट!"

वहिनी म्हणाली, "नाही गं, मी कुठे जेवले, तुमचं सगळ्यांचं होऊ दे आधी."

पोरगी म्हणाली, "तसं नाही, यू एट, नो क्रम्ब्स!" वहिनीने लगेच पानात अजून दोन पुऱ्या टाकल्या, तिला वाटलं पोरीला कमी पडतंय. झालं, बांधावरचे सगळे हसायला लागले, माझा भाऊ तर म्हणाला, पुण्याला एवढी फी भरतो आणि हिला धड मराठी नाही येत धड इंग्रजी नाही. पोरीचा चेहरा उतरला. तिने पान तसंच ठेवलं आणि विहिरीकडे जाऊन मोबाईल काढून बसली.

तिच्यामागे कोण गेलं, तर माझी आई. सत्तरी पार केलेली, चौथी शिकलेली, घरात अजूनही अहिराणीच बोलते. मीही मागोमाग गेले म्हणून मला ऐकू आलं. आई शेजारी बसली आणि विचारलं, "याना अर्थ काय शे व माय?"

एवढंच विचारलं. हसली नाही, रागावली नाही. पोरीने सांगितलं की एट म्हणजे खाल्लं खरं, पण अर्थ असा की एखाद्याने काम इतकं झकास केलं की काही शिल्लकच ठेवलं नाही, नो क्रम्ब्स म्हणजे चुरासुद्धा नाही. म्हणजे पोरगी वहिनीच्या हाताचं एवढं कौतुक करत होती, आणि आम्ही तिला हसलो!

मग आई म्हणाली, तुमचं बोलणं आम्हाला कळत नाही बाई. त्यावर पोरगी जे बोलली ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. ती म्हणाली, "आजी, मला कळू नये असं काही असलं की तू आणि पप्पा अहिराणीत बोलता. मला कोणी शिकवलीच नाही."

खरं आहे हो ते. शाळेत अहिराणी बोललो की गावंढळ म्हणायचे, म्हणून आम्ही पोरांना ती दिलीच नाही, फक्त त्यांच्यापासून लपवायला वापरली. याचं मला फार वाईट वाटतं. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांची सगळी श्रीमंती घरातल्या-शेतातल्या बोलीतच होती की.

तर मंडळी, पोरांचा शब्द कळला नाही की अर्थ विचारा. परत सांगते, हसू नका, अर्थ विचारा. पण स्वतः ते शब्द वापरायला जाऊ नका, पोरांना ते आवडत नाही.

आणि एक शब्द मात्र नीट लक्षात ठेवा, अनअलाइव्ह. मरण, आत्महत्या असे शब्द लिहिले की व्हिडिओ दाबला जातो या भीतीने लोक त्याऐवजी हा शब्द वापरतात. पोरगं स्वतःबद्दल असं बोललं, लिहिलं, तर थट्टेत घालवू नका, जवळ बसा, सरळ विचारा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात, नंबर 14416. लिहून घ्या, एक चार चार एक सहा.

त्या दिवशी आजी-नात विहिरीवरून परत आल्या तेव्हा भरीत थंड झालेलं. पोरगी वहिनीशेजारी बसली, अर्थ समजावून सांगितला, आणि वहिनीने तिच्यासाठी तवा परत ठेवला. आता दर रविवारी आईचा पुण्याला फोन असतो. पहिलं वाक्य आई बोलते, "काय करी ऱ्हायनी?" आणि पलीकडून उत्तर अहिराणीत येतं, चुकतमाकत.