बोलणं लांबू द्या

(लातूर जिल्ह्यातलं एक गाव. सकाळचे साडेदहा. पिठाची गिरणी थांबलेली, लाइट आहे.)

म्हातारं माणूस एकदम मुद्द्यावर येत नाही. पहिला अर्धा तास पावसात आणि सोयाबीनच्या भावात जातो. मग निजामाच्या काळातलं, जे सगळेच सांगतात, ते येतं. घरातलं असं जे असतं, ते त्याच्याही पुढं सुरू होतं. रझाकारांच्या भीतीनं गाव सोडताना धान्याचं पेव कसं बुजवलं, कुठल्या पाहुण्यांनी दार उघडलं, कुणी उघडलं नाही. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, तेव्हा दहा वर्षांची असलेली पोरं आज नव्वदीकडं झुकलीत. त्यांचं बोलणं टिपायचं तर मशीनला तीन-तीन तास न अडखळता चालता आलं पाहिजे.

साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासात संपायची. कॅसेट उलटेपर्यंत बोलण्याची तार तुटायची. आता ते काम घरातला जुना लॅपटॉपही करतो. २०००पासून फुकट मिळणारं ‘ऑडॅसिटी’ हे आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर त्याला पुरतं.

(खोली. फरशी, प्लास्टरच्या भिंती, वर स्लॅब.)

अडचण खोलीची आहे. जुन्या माळवदाच्या घरात आवाज फार छान यायचा. दगडमातीच्या जाड भिंती, वर तुळया, किलचन आणि मातीचा थर, त्यामुळं घुमणं म्हणून नाही. पण ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच जड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर लोकांनी स्लॅब घातले ते बरंच केलं. रेकॉर्डिंगसाठी कुणी माळवदाखाली राहावं असं नाही. पण स्लॅबच्या रिकाम्या खोलीत आवाज भिंतीवर आपटून परत येतो, आणि आलेला घुमारा नंतर नीट काढता येत नाही. तेव्हा घरातल्या वाकळा बाहेर काढायच्या. दोन दोरीवर, एक खाली, आणि आजोबांना पाठीमागं भरलेलं कपाट येईल असं बसवायचं.

कूलर बंद. पंखाही बंद, म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळीच.

(माइक अगदी जवळून.)

कॉलरला लावायचा माइक स्वस्त असतो, पण आजी बोलणार असेल तर तो नकोच. दर दोन मिनिटांनी पदर सावरला जातो आणि प्रत्येक वेळी खर्रर्र. बोरमाळ घासली तर आणखी वेगळं. यूएसबी माइक स्टँडवर, तोंडापासून दीड वीत, थोडा बाजूला. समोर धरला की ‘फ’ आणि ‘भ’चा वारा थेट माइकवर बसतो. आजोबांचा अडकित्ता मात्र प्रेमानं काढून घ्यावा लागतो. सुपारी आधीच कातरून द्यायची.

आवाजाची पातळी जेमतेम ठेवायची. साध्या बोलण्याची शिखरं पडद्यावरच्या आवाजाच्या पट्टीवर उणे बारा डेसिबलच्या आसपास. आजोबा आत्ता पुटपुटतायत, पण “आले, आले!” म्हणून ओरडले की पट्टी लाल होते, लहरीचे शेंडे सपाट कापले जातात. कमी आलेला आवाज वाढवता येतो. कापला गेलेला परत आणता येत नाही. सुरुवातीला सगळ्यांनी दहा सेकंद गप्प बसायचं. त्या शांततेतली खोलीची घरघर पुढं आवाज साफ करायला नमुना म्हणून कामाला येते.

“आरं, चालू हाय का हे?”

“हो आजोबा, बोला तुम्ही.”

(पडद्यावर लहरी सरकतायत.)

आता लॅपटॉप. स्लीप ‘कधीच नाही’वर, इंटरनेट बंद. चार्जरमुळं हूं असा आवाज येत असेल तर तो काढून बघायचा. अर्थिंग नसलेल्या घरात बहुतेक वेळा दोषी तोच असतो. पण मग बॅटरी किती तास तग धरते हे आधी माहीत हवं. लाइटचा तर भरवसाच नाही. ऑडॅसिटी बोलणं चालू असतानाच डिस्कवर लिहीत जातं, त्यामुळं मशीन मधेच बंद पडलं तरी पुन्हा उघडल्यावर बरंचसं हाती लागतं.

रेकॉर्डिंग मोनोच घ्यायचं. एका तोंडाला दोन चॅनेल कशाला? ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट मोनो म्हणजे तासाला साधारण ३१८ एमबी. तीन तास एका जीबीत बसतात. तेच ३२ बिट स्टिरिओत केलं तर तासाला सव्वा जीबीच्या वर जातं, आणि साध्या वेव्ह फाइलची मर्यादा ४ जीबी. म्हणजे साडेतीन तासांच्या आतच गाडी अडते.

काम झाल्यावर मूळ वेव्ह फाइल तशीच ठेवायची. पुण्यातल्या लेकीला ६४ केबीपीएसची एमपी३ पुरे, तासाला २९ एमबी. फाइलच्या नावात माणूस, गाव आणि तारीख. एक प्रत घरातल्या हार्ड डिस्कवर, दुसरी दुसऱ्या घरात. आणि हे त्याच दिवशी. सवडीनं करू म्हटलं की पोळा येतो, मग दिवाळी, मग तुरीची काढणी.