नळ धावतो, गाडी लागते

मघाशी ओळख करून देताना मला 'इंग्रजीचे जाणकार' म्हणाले. खरं एवढंच, की मी चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. त्यातली निदान वीस वर्षं फळ्यावर 'रन म्हणजे धावणे' असं लिहून हात झटकले आणि पुढच्या शब्दाकडे वळलो. आज त्याची कबुली द्यायला उभा आहे.

पकडला गेलो सहावीतल्या एका मुलामुळे. धड्यातलं वाक्य साधं होतं. मी अर्थ सांगितला, 'ही बस रविवारी धावत नाही.' मागच्या बाकावरून आवाज आला, 'मग सर, रविवारी हळू चालते का?' वर्ग हसला, मीही हसलो. घरी सायकल मारताना मात्र ते हसू टिकेना. पोराचं काहीच चुकलं नव्हतं. मी त्याला जो अर्थ दिला होता, तो त्यानं इमानदारीनं वापरला होता.

इंग्रजीत नळ 'रन' होतो. आपल्याकडे नळ येतात आणि नळ जातात. पहाटे जिन्यातून 'नळ आले का हो?' असं विचारणाऱ्या बाईला नळ भिंतीतच आहे हे ठाऊक असतं. इंग्रजीत नाक 'रन' होतं, आपलं वाहतं. त्यांचा कपड्याचा रंग 'रन' होतो, आपला जातो. कारखाना चालतो, सिनेमा चालतो, दुकान कोणीतरी चालवतो, तिकडे हे सगळं 'रन'. 'रन आउट' हे दोन शब्द मैदानावर असले तर फलंदाज धावचीत. तेच स्वयंपाकघरात असले तर साखर संपली. साखर धावचीत झाली असं कोणी म्हणत नाही, अजून तरी. निवडणुकीची तर मौज आहे. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी धावतो, इंग्लंडमधला उभा राहतो. आपलाही उभाच राहतो. निवडून आल्यावर बसतो, ते वेगळं.

आता आकडा सांगतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची कल्पना १८५७ साली लंडनमध्ये पुढे आली आणि तो पुरा व्हायला १९२८ उजाडलं. त्याच १८५७ साली मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, हेही लक्षात असू द्या. ऑक्सफर्डच्या कोशात सगळ्यात जास्त अर्थांचा मान बरीच वर्षं 'सेट' या क्रियापदाकडे होता. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचे सुमारे ४३० अर्थ होते. पुढे नव्या आवृत्तीसाठी 'रन' तपासायला घेतलं, तेव्हा क्रियापद म्हणूनच त्याचे ६४५ अर्थ निघाले. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाला त्या एका शब्दासाठी नऊ महिने लागले. हे 'लागले' ध्यानात ठेवा, त्याच्याकडे मी येणारच आहे.

एवढे अर्थ आले कुठून? एक तर हा शब्द मुळातच नुसता पायांचा नाही. जुन्या इंग्रजीत तो पळण्यासाठी होता तसा पाण्याच्या वाहण्यासाठीही होता. त्याचा जर्मन भाऊ 'रिनन' आजही वाहणं, झिरपणं याच अर्थानं जगतोय. म्हणजे नाक आणि नळ हे मागाहून घुसलेले पाहुणे नव्हेत, ते घरचेच आहेत. दुसरं कारण यंत्रांचं. गिरण्या आल्या, आगगाड्या आल्या, मोटारी आल्या, शेवटी कॉम्प्युटर आला. न थांबता चालू राहणाऱ्या प्रत्येक वस्तूला इंग्रजीनं हेच क्रियापद दिलं. आपण ते काम 'चालणे'कडे सोपवलं. पिठाची गिरणी चालते, घड्याळ चालतं, फोन चालत नाही, आणि 'चहा चालेल?' याचं उत्तर 'चालेल' असतं. इंग्रज धावला तिथे आपण चाललो. क्रिकेटमध्ये तेवढं आपण इंग्रजाचं ऐकलं आणि 'धावा' काढू लागलो. चौकार बसला की फलंदाज जागेवरून हलत नाही तरी चार धावा! सामना हातचा जायला लागला की आपण देवाचा धावा करतो, तो निराळा.

बाजारात क्रियापदांच्या याद्यांची पुस्तकं मिळतात. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, रोज वीस पाठ करा. माझं स्पष्ट मत आहे की त्यांनी मुलांचं नुकसान केलंय. ते ६४५ अर्थ शब्दाच्या पोटात भरून ठेवलेले नाहीत. नळ शेजारी आला की एक, नाक आलं की दुसरा. अशी क्रियापदं स्वतः जवळजवळ रिकामी असतात, म्हणून तर त्यांच्यात इतकं मावतं. 'कुजबुजणे'ला कोण काय चिकटवणार?

आणि हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. आपल्या घरात 'लागणे' आहे.

पावसाळ्यात गोदावरीला पाणी वाढलं की आपल्या नाशिकच्या पंचवटीत सेंटिमीटरचा हिशेब कोणी विचारत नाही. 'मारुतीच्या कमरेला पाणी लागलं का?' एवढंच विचारतात. नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती हे आपलं पूर मोजायचं माप. कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याला लागलं. इथे 'लागणे' अगदी मूळच्या अर्थानं आहे, टेकणं, भिडणं. संस्कृतातला धातू 'लग्', चिकटणं. 'लग्न' हा शब्द त्याचाच, आणि 'लगत'ही त्याच घरातला. आता त्या पुराच्या रात्रीचं आपलं बोलणं ऐका. पाऊस लागून राहिला, रात्री झोप लागली नाही, पहाटे डोळा लागला तेवढ्यात कुत्री भुंकायला लागली, उठावं लागलं, अंधारात पायाला उंबरा लागला, चहाला आलं जास्त लागलं, दूध भांड्याला लागलं, आणि शेजारचा मुलगा, जो आपला लांबचा भाचा लागतो, त्याला नोकरी लागली. या सगळ्यात काहीतरी काहीतरीला चिकटलेलंच आहे: झोप डोळ्याला, उंबरा पायाला, नोकरी पोराला. 'उठावं लागलं' मध्ये सक्ती चिकटली. त्याऐवजी 'मी उठायला लागलो' म्हटलं तर सक्ती गेली आणि सुरुवात आली. नुसता प्रत्यय हलला. हे आपल्याला कोणत्या मास्तरनं शिकवलं? फळ्यावर 'लागणे'चे अर्थ लिहायला घेतले असते, तर आपण सगळेच नापास झालो असतो.

मागच्या दिवाळीत बंगळुरूला वाढलेली माझी नात आली होती. मराठी समजतं, बोलताना अडखळते. तिला घेऊन त्र्यंबकला निघालो. सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर उभे होतो, तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, 'त्र्यंबकची लागली, त्र्यंबकची लागली!' माणसं पिशव्या उचलून पळाली. नातीनं माझा हात घट्ट धरला. 'आजोबा, कुणाला लागली?' तिला वाटलं अपघात झाला. मी सांगितलं, गाडी फलाटाला लागली. खिडकीची जागा मिळाली, तेव्हा मास्तरकी जागी झाली. म्हटलं, आता वाटेत सातपूर लागेल, मग अंजनेरी लागेल. आणि काही लोकांना गाडीच लागते. 'गाडीला माणसं?' 'नाही गं, माणसांना गाडी.' ती विचारात पडली. सातपूर गेलं, ती बडबडत होती. पुढे वळणं आली, बोलणं कमी झालं. अंजनेरीचा डोंगर दिसायला लागला तशी ती पांढरीफटक पडली, रुमाल तोंडाशी धरला आणि शुद्ध मराठीत म्हणाली, 'आजोबा, लागली.'