चौकोनातली खूण

१७ ऑक्टोबर २०२२. दिल्लीत २४, अकबर रोड येथील काँग्रेस मुख्यालयात आणि राज्याराज्यांतील प्रदेश कार्यालयांत आज मतपेट्या मांडल्या आहेत. अध्यक्षपदासाठी प्रत्यक्ष मतदान घेण्याची वेळ पक्षावर २२ वर्षांनी आली असून रिंगणात मल्लिकार्जुन खर्गे आणि शशी थरूर असे दोघे आहेत. भारत जोडो यात्रेचा तळ कर्नाटकात बळ्ळारीजवळ सांगनकल्लू येथे असल्याने राहुल गांधी आणि त्यांच्यासोबत चालणारे प्रतिनिधी, म्हणजे प्रदेश समित्यांचे मतदार सदस्य, तिथल्याच केंद्रावर मत देत आहेत.

मतपत्रिकेवर दोनच नावे आहेत. पसंतीच्या नावासमोरच्या चौकोनात ‘१’ हा आकडा लिहावा, असे आधी ठरले होते. मात्र यादीत खर्गे यांचे नाव पहिले होते, त्यामुळे ‘१’ म्हणजे पहिल्या क्रमांकाचा उमेदवार, असा मतदाराचा समज होईल, अशी हरकत थरूर यांच्या बाजूने घेण्यात आली. मधुसूदन मिस्त्री यांच्या अध्यक्षतेखालील पक्षाच्याच केंद्रीय निवडणूक प्राधिकरणाने ती मानली आणि ऐन मतदानाच्या तोंडावर आकडा जाऊन बरोबरची खूण आली. बाब किरकोळ दिसते खरी. पण जिथे अध्यक्ष बहुतेकदा एकमतानेच ठरत आला, तिथे चौकोनात काय लिहायचे यावर वाद झाला, हेच आम्हाला या निवडणुकीचे मोठे यश वाटते.

अशा लढती या पक्षाने मोजक्याच पाहिल्या आहेत. १९३९ मध्ये सुभाषचंद्र बोस यांनी गांधीजींच्या पसंतीच्या पट्टाभी सीतारामय्या यांना १५८० विरुद्ध १३७७ मतांनी हरवले. १९९७ मध्ये सीताराम केसरी यांच्या ६२२४ मतांपुढे शरद पवार यांना ८८२ मते मिळाली, तर २००० मध्ये सोनिया गांधी यांच्याविरुद्ध उभे राहिलेल्या जितेंद्र प्रसाद यांच्या वाट्याला अवघी ९४ आली.

१९ ऑक्टोबरला दिल्लीत पेट्या उघडल्या जातात. मोजणीपूर्वी सर्व राज्यांच्या मतपत्रिका एकत्र मिसळल्या जातात, जेणेकरून कोणत्या प्रदेशाने कोणाला किती मते दिली, याचा पत्ता कोणालाच लागू नये. निकालानंतरही ज्याला त्याच प्रदेश समितीत काम करायचे आहे, त्या प्रतिनिधीला ही मिसळण खूण करण्याचे बळ देते. उत्तर प्रदेशातील मतपेट्यांच्या सीलबद्दल थरूर गट तक्रार करतो, परंतु मोजणी थांबत नाही.

एकूण ९३८५ मतांपैकी खर्गे यांना ७८९७ आणि थरूर यांना १०७२ मते मिळतात. खुणेवर एवढा खल होऊनही ४१६ मते बाद ठरतात. थरूर विजेत्याचे अभिनंदन करतात आणि २६ ऑक्टोबरला खर्गे सूत्रे हाती घेतात. २४ वर्षांनी हे पद गांधी घराण्याबाहेर गेलेले असते.

चारच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, रायपूरच्या महाअधिवेशनात कार्यसमितीसाठी, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च निर्णय समितीसाठी, निवडणूक न घेण्याचे ठरते आणि सदस्य नेमण्याचा अधिकार अध्यक्षांकडे जातो.