नियम तोच, कारण नवीन

(पेठेतल्या एका तालमीच्या व्याख्यानमालेतलं भाषण. बोलल्यासारखंच ठेवलंय, थोडं नीट केलंय.)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'वारशानं आलेल्या समजुती आणि स्वतंत्र विचार'. हे नाव माझं नाही हं, मंडळाच्या पोरांचं. मी फोनवर म्हणालो होतो की मी कॉटबद्दल बोलणार आहे, तर ते म्हणाले सर, तसं छापलं तर माणसं फर्निचरचा सेल समजून येतील. बरं, सत्कारातच अर्धा तास गेला, तेव्हा लगेच सुरू करतो. शेवटी तीन कसोट्या सांगणार आहे, त्यासाठी वह्या आणल्या असतील तर जपून ठेवा.

आपलं गाव शाहू महाराजांचं. 1911 साली इथं सत्यशोधक समाजाची शाखा निघाली. त्यामुळं अंधश्रद्धेवर भाषण म्हटलं की कोल्हापुरातला माणूस मान हलवतो, म्हणजे आम्हाला काय सांगताय, दुसऱ्या गावाला जाऊन सांगा. बॅनरवर 'पुरोगामी' लिहिलेलं असतं, झालं. आणि याच गावात 16 फेब्रुवारी 2015 ला सकाळी फिरून घरी परतणाऱ्या, पुरोगामी विचार मांडणाऱ्या गोविंद पानसरे अण्णांवर गोळ्या झाडल्या, हेही लक्षात ठेवून पुढचं ऐका.

माझं म्हणणं असं की हल्ली शिकलेला माणूस 'देव कोपेल' असं म्हणत नाही. तो म्हणतो, 'त्यामागं सायन्स आहे.' आणि हे वाक्य मला जास्त अवघड वाटतं, कारण देव कोपेल म्हणणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं.

आता कॉट. माझ्या पुतण्यानं फुलेवाडीकडं घर बांधलं. पोरगा इंजिनिअर, हुशार, नाद नाही करायचा. बेडरूमला उत्तरेची भिंतच तेवढी मोकळी, बाकी एकीकडं खिडकी, एकीकडं बाथरूमचं दार आणि पूर्वेला भिंतीत बसवलेलं कपाट. म्हणजे कॉटचं डोकं उत्तरेला, हे शाळेतल्या पोरालाही कळावं. पण आमची आई, म्हणजे त्याची आज्जी, काठी टेकत आली आणि म्हणाली, 'डोकं उत्तरेला म्हणजे पाय दक्षिणेला. दक्षिण यमाची. मेलेल्या माणसाचे पाय तिकडं करतात, जित्याचे नव्हं.' मला आईचं म्हणणं पटत नाही, पण त्यात गोंधळ काही नाही. यम आहे, त्याची दिशा आहे, तिकडं पाय करू नका. विषय संपला.

पुतण्या मात्र मला बाजूला घेऊन म्हणतो, 'काका, आज्जी यम म्हणते ते सोडा, पण त्यामागं सायन्स आहे. पृथ्वी मोठं चुंबक आहे, रक्तात लोह आहे, उत्तरेला डोकं केलं की सगळं रक्त मेंदूकडं ओढलं जातं.' आणि फोन काढून मेसेज दाखवला, खाली कुठल्या तरी परदेशी संशोधकांनी मान्य केलं असं, नाव नाही, गाव नाही.

मग कॉट पूर्वेला डोकं करून लावली. आता पूर्वेला कपाट, त्यामुळं कॉट थोडी तिरकी, आणि कपाटाचं दार उघडायचं एक वीत. बस, एक वीतच. आमची सूनबाई रोज सकाळी त्या फटीतनं खांद्यापर्यंत हात आत घालायची, चाचपडायची आणि हाताला लागेल तो शर्ट ओढून काढायची. पुतण्या लग्नाला चेक्सचा शर्ट घालून आलेला फोटोत आहे बघा, सगळे सफारीत आणि हा चेक्समध्ये, का तर सफारी कपाटात तळाला होती आणि तिथवर हात पोचेना. मी म्हटलं कपाट हलव, तर म्हणतो ते फिक्स आहे. कॉट हलव, तर म्हणतो मॅग्नेटिक फील्ड आहे. दोन्ही फिक्स!

पुढं त्याची कंबर धरली. कशामुळं ते मी सांगत नाही, तुम्ही हसताय म्हणजे कळलंय. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, मी सोबत गेलो. बाहेर आल्यावर मी विचारलं, 'काय रे, रक्त कुठं गेलं?' त्याला कळेना. म्हटलं, बाबा, आत्ता तू ज्या मशीनमध्ये पडून आलास ते दीड टेस्लाचं चुंबक. आपल्याकडं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र असतं सुमारे 40 मायक्रोटेस्ला, म्हणजे एका टेस्लाचे दहा लाख भाग केले तर त्यातले 40. म्हणजे तुझ्या कॉटपेक्षा 35-40 हजार पट चुंबकात तू अर्धा तास गप पडलास, आणि मेंदू आहे तिथंच आहे, असला तर. अख्ख्या अंगात लोह असतं 3-4 ग्रॅम, तेही खिळ्यासारखं नाही, बरंचसं हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं. ऑक्सिजन भरलेलं रक्त चुंबकाकडं ओढलं जात नाही, उलट अगदी किंचित लांब ढकललं जातं. हे सगळं त्याला माहीत होतं हो! इंजिनिअर आहे तो. पण कॉटच्या बाबतीत त्यानं ते वापरलंच नाही.

आणि गंमत पुढं आहे. हे पटल्यावर तो काय म्हणाला? 'मग दुसरं काहीतरी कारण असेल.' इथं मी हात टेकले. म्हणजे आधी यम होता, तो गेला, चुंबक आलं, तेही गेलं, तरी नियम जागच्या जागी. कारण गेल्यावर नियम हलत नसेल तर त्या कारणावर तो उभाच नव्हता, ते मागनं आणून टेकवलेलं. लिंबू-मिरचीचं तेच. आधी नजर लागू नये म्हणून, आता म्हणे दोऱ्यातनं व्हिटॅमिन सी हवेत पसरतं. व्हिटॅमिन सी हवेत उडत नाही हो, आणि उडत असतं तर भाजीवाल्या मावशींना सर्दी कशी झाली असती?

आता तुम्ही म्हणाल, आम्ही भोळे आहोत का? अजिबात नाही, आणि माझी तक्रार तीच आहे. गंगावेशीत कट्ट्यावर आपण उभं राहतो, समोर म्हशीची धार काढून घेतो, फेसासकट ग्लास तोंडाला लावतो. का? पाणी घातलंय का नाही ते डोळ्यानं बघायचंय म्हणून. दुधाच्या बाबतीत कुणाच्या बापावर विश्वास नाही आपला! आणि तोच माणूस तिथंच उभा राहून, एका हातात ग्लास, दुसऱ्या हातानं न वाचता मेसेज पुढं ढकलतो. मला या कट्ट्यावरच्या माणसाला फक्त ग्लास बदलून विचारायचंय...

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, सात तर सात. कसोट्या.

पहिली सांगितलीच, कॉटवाली. कारण काढून घ्या आणि नियम हलतो का बघा.

दुसरी, जे रोज कानावर पडतं ते एकदा खरंच ऐका. 1899 च्या सुमाराची गोष्ट, तुम्हाला पाठ आहे. कार्तिक स्नानाला पंचगंगेवर शाहू महाराज, आणि सोबत आलेले संस्कृतचे पंडित राजारामशास्त्री भागवत यांच्या लक्षात आलं की भटजी म्हणतोय ते मंत्र वेदोक्त, म्हणजे वेदातले, नाहीत, पुराणोक्त आहेत, म्हणजे शूद्र मानलेल्यांसाठी म्हणायचे पुराणातले. तिथनं केवढं वेदोक्त प्रकरण उभं राहिलं. पण मला त्यातली आवडती गोष्ट ही की मंत्र चालू असताना कुणीतरी शब्द ऐकत होतं. बाकी सगळे हात जोडून उभे होते.

तिसरी, आणि ही आपल्या बाजूच्यांना जास्त झोंबेल. शंका घेणाऱ्यानंही जाऊन बघायचं असतं. अंबाबाईचा किरणोत्सव घ्या. 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी, आणि तिकडं 9, 10, 11 नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात, पायापासून वर चढत जातात. एक गट म्हणतो चमत्कार. दुसरा, म्हणजे आमचा एक जुना मित्र, म्हणतो सगळं थोतांड, आणि एकदाही गेलेला नाही! अरे, कॅलेंडर घे. 22 डिसेंबर मध्ये धर. 10 नोव्हेंबर त्याच्या 42 दिवस मागं, 1 फेब्रुवारी 41 दिवस पुढं. सूर्य दक्षिणेला सरकत जातो, परत फिरतो, आणि जाता-येता साधारण त्याच जागी मावळतो. म्हणून वर्षातनं दोनदा. हे ज्यांनी बांधताना साधलं त्यांनी मावळतीकडं नीट बघितलं होतं. यात चमत्कारही नाही, थोतांडही नाही. आणि ढग, धूळ किंवा वाटेतली बांधकामं आली की एखाद्या वर्षी किरणं वरपर्यंत पोचत नाहीत, तेव्हा देवी कोपली म्हणू नका, वाटेत कुणाचा मजला वाढलाय ते बघा. हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर पालिकेत मिळतं.

चौथी नव्हती, तीनच होत्या.

मागनं कुणीतरी विचारलं, पिंपळ रात्री ऑक्सिजन देतो म्हणतात, त्याचं काय? ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो. रात्री बाकीच्या झाडांसारखाच पिंपळही श्वास घेतो, ऑक्सिजन वापरतो. काही झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात हे खरं, पण ऑक्सिजन सोडायचं काम दिवसाच. तेव्हा पिंपळाखाली झोपायचं असेल तर खुशाल झोपा, गार वाटतं म्हणून. डोकं कुठल्याही दिशेला करा, फक्त वर पक्षी कुठं बसलेत तेवढं बघून घ्या.